मंगलचा पाट आणि मावळतीचं दार

प्रिय मंगल,

उद्या सकाळी टेम्पो येतोय. आपली लेक सुनीता ऐकेना, मला पुण्याला घेऊनच चाललीय. उचगावचं घर रिकामं झालं, पंखेसुद्धा उतरवले. गाठोड्यावर बसून लिहितोय, कारण आज संध्याकाळचं तुला सांगितल्याशिवाय माझा पाय इथून निघायचा नाही.

दिवाळीनंतर अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं आधी देवीच्या पायांवर, मग कमरेवर, मग मुखावर. त्याच दिवसांत आपल्या पश्चिमेच्या दारातून ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत यायचं, आणि तू तिथं पाट टाकून बसायचीस. "अवो, माझ्याबी पायावर आली की किरणं." मी हसायचो. देवीची बरोबरी करतेस काय, म्हणायचो. "बरोबरी कशाला? तिच्याकडनं उरल्यालं इकडं येतंय," तू म्हणायचीस.

गेल्या वर्षी एकदाच फोटो मागितलास. किरणं तोंडावर आली की काढा म्हणालीस. मी मोबाईल धरला आणि नेमका थोरल्या भावाचा फोन आला. तोच बांधाचा वाद. दारात उभा राहून मी ओरडत राहिलो आणि माझी सावली तुझ्या अंगावर. "अवो, आडवं येऊ नका," तू दोनदा म्हणालीस. फोन ठेवला तेव्हा ऊन गेलं होतं. "ऱ्हाऊ द्या, फुडच्या वर्षी," म्हणून तू भाकरीला लागलीस.

पुढच्या वर्षापर्यंत थांबली का नाहीस? हा राग तुझ्यावर आहे की माझ्यावर, ते मला अजून कळलेलं नाही.

म्हणून सुनीताला सांगितलं, तो फोटो काढल्याशिवाय मी हलणार नाही. दक्षिणेच्या भिंतीवर तुझा फोटो लावला होता ना, तिथं ऊन कधीच पोचत नाही. तो खिळ्यावरून उतरवून तुझ्या पाटावर ठेवला. परवा ढग आले. काल समोरच्या शंकरच्या गच्चीवर वाकळा वाळत होत्या, ऊन फोटोच्या निम्म्यावरच अडलं.

आज दारातूनच हाक मारली. "शंकर, वाकळा काढ की लेका, आमच्याकडं किरणं यायची हायेत."

वाटलं, हा हसणार. तो म्हणाला, "काकूचा किरणोत्सव न्हवं? काढतो की काका, त्यात काय."

सगळ्या गल्लीला ठाऊक होतं बघ. मीच तेवढा चेष्टेवारी नेत होतो.

ऊन आलं. मी मोबाईल घेऊन उभा राहिलो, तर पुन्हा माझीच सावली तुझ्यावर! इकडं सरकलो, तिकडं सरकलो. शेवटी दुखरे गुडघे मोडून एका बाजूला फरशीवर बसलो. इतक्या वर्षांत तुझ्यासमोर असा खाली कधी बसलो होतो का गं? ऊन चढत चढत तुझ्या कुंकवापर्यंत आलं आणि मी फोटो काढला.

बघतो तर त्यात तू नाहीसच. फोटोवरची काच काढून ठेवायचं सुचलंच नव्हतं. तुझ्या चेहऱ्याच्या जागी आपलं उघडं दार, शंकरची गच्ची आणि तिच्यावर मावळणारा तांबडा गोळा. काच काढेपर्यंत ऊन गेलं. मग मी रडलो, लपवत नाही.

सुनीतानं मोबाईल हातात घेतला. बराच वेळ बघत राहिली. "पप्पा," म्हणाली, "आई इथं बसून काय बघायची, ते आलंय की."

मंगल, मी कायम दारात उभा असायचो. तुला पाटावरून काय दिसतं ते मी आजवर बघितलंच नव्हतं.

पाट टेम्पोत शेवटी चढवणार आहे, म्हणजे पुण्यात पहिला उतरेल. मावळतीचं ऊन तिथं कुठवर येतं ते शोधतो आणि सामान सोडायच्या आधी तुला तिथं बसवतो. शब्द देतो, आता आडवा येणार नाही. शेजारी बसेन.

तुझाच,
अवो