पळणारीचं ताट

३ मार्च, सोमवार
नडगीचं हाड तडकलंय. पडले नाही, कुठे आपटले नाही — नुसती पळत होते! डॉक्टरबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, बराच वेळ बघितला. "हाडं वयापेक्षा म्हातारी दिसतायत. जेवता ना नीट?"
हो म्हटलं. सवयीने.

४ मार्च
प्लास्टर. सराव-शिबिराच्या खोलीत पडून आहे. बाकीच्या मुली मैदानावर. छताकडे बघून बघून कंटाळा आला.

७ मार्च, शुक्रवार
नव्या आहारवाल्या मॅडम आल्या. माझ्याच वयाच्या असतील. पुढ्यात ताट ठेवलं — भाताचा ढीग, बटाटे, दोन अंडी, वर लोणी! म्हणाल्या, "अहो, लांब पल्ल्याच्या मुली आता पळता पळता साखरेचं पाणी पितात. तुम्ही कुठल्या जमान्यात आहात?"
बाबांच्या. दुसरं काय सांगणार?
बाबा एकेकाळी स्वतः पळायचे, तेच माझे पहिले प्रशिक्षक. शाळेत असल्यापासून एकच मंत्र — हलकी राहशील तर उडशील. लोणी बंद, साखर बंद, भात फक्त रविवारी. आई गुपचूप साय द्यायची. पुढे तीही मीच नको म्हणायला लागले. आणि वेळ सुधारत गेली, हेच वाईट झालं! जिंकणाऱ्या पोरीला कोण विचारतंय, पोटात काय आहे म्हणून?
अर्धं ताट संपवलं. मग रडू आलं. एवढी मोठी बाई, भातावर रडतेय!

१२ मार्च
खाल्लं. सगळं.

२० मार्च, गुरुवार
वजन वाढलं. मॅडम खूश. मला मात्र दुसऱ्याच कुणाला तरी पाठुंगळी घेऊन फिरल्यासारखं वाटतंय.
बाबांना फोनवर सांगितलं. "कमी कर." एवढंच बोलले आणि ठेवून दिला.

६ एप्रिल, रविवार
बाबा आले! न कळवता. मॅडमना जाब विचारायला. जेवणघरात आम्ही तिघंच, पुढ्यात ताटं.
"आख्खं आयुष्य पोरीला जपलं, आणि तुम्ही महिन्याभरात पिंप करून ठेवलंत!"
वाटलं, आता जुंपणार. पण मॅडम चिडल्याच नाहीत. "काका, तुम्ही पळायचात तेव्हा काय खायचात?"
बाबा खुललेच एकदम. त्यांचे गुरुजी म्हणे शर्यतीच्या सकाळी मांसाचा हा एवढा तुकडा खायला लावायचे, वर कच्ची अंडी. आणि पळताना पाण्याचा थेंब नाही — पाण्याने पाय जड होतात! एकदा बाबा शेवटच्या वळणावर कोसळले. शुद्धीवर आले तर गुरुजी डोक्याशी बसलेले. म्हणाले, "मांस कमी पडलं तुला."
मॅडम हसल्या. मी हसले. बाबाही हसले — आणि मधेच थांबले. माझ्या प्लास्टरकडे बघत राहिले.
"तेव्हा तेच शास्त्र होतं," म्हणाले. मग हळूच, "हिच्या वेळीही मी पुस्तकं वाचूनच..."
स्वतःच्या ताटातला बटाटा उचलून माझ्या ताटात ठेवला.
राग यायला हवा होता. आला, पण तोही दमलेला. गुरुजींकडे शास्त्र, बाबांकडे शास्त्र, मॅडमकडे शास्त्र. उपाशी राहिले ती मी.
तरी बटाटा खाल्ला.

१९ एप्रिल, शनिवार
प्लास्टर निघालं. पाय काडीसारखा झालाय. पण दुपार कलली की भूक लागते, अगदी खरीखुरी! ती कशी असते तेच विसरले होते. सरावाहून मुली परत येतात तेव्हा मी पाव खात पायरीवर बसलेली असते. कुणी काही म्हणत नाही.

२ जून, सोमवार
डॉक्टरबाई म्हणाल्या, हाड भरलं, आता खुशाल पळा. मैदानावर गेले. नाड्या बांधल्या, रेषेवर उभी राहिले. पाय ठीक, पोट भरलेलं, वाराही नव्हता. आत काहीच हललं नाही. कडेला गवतावर जाऊन बसले. इतकं बरं वाटलं!
बाबांना फोन केला. "बाबा, मी आता पळणार नाही."
वाटलं, आता ठेवून देतील. मग —
"बरं. कितीच्या गाडीने येतेस? स्टेशनवर येतो न्यायला."