बाबांचा उजवा गाल

लाडक्या आईला,
नमस्कार, आणि इथून एक बधिर पापी.

आज प्रॅक्टिकलला आम्ही एकमेकींनाच दात काढण्याआधीचं इंजेक्शन दिलं. माझी उजवी बाजू अजून मेल्यासारखी आहे. चहा ओठावरून गळत होता, मला पत्ताच नाही! पार्टनर ओरडली, "ए गळक्या नळा, पूस ते!" काळजी नको, भाजलं नाही.

मग आरशात हसून बघितलं, तर हसू एकदम सरळ! कारण स्पर्श कळवणारी नर्व्ह वेगळी आणि गाल हलवणारी वेगळी. माझी कळवणारी झोपलीय. बाबांचं उलटं, त्यांचा गाल लुळा पडला तो हलवणारी बिघडली म्हणून. डॉक्टरही हेच म्हणाले ना?

तू फोनवर म्हणालीस, "हात लावला तरी तो गाल ढिम्म. आता मी लावतच नाही." दाढीलाही न्हावी येतो म्हणे. ते ऐकल्यापासून मला रडूसुद्धा येत नाहीये. तू नीट जेवतेस ना?

आई, त्यांना कळतंय गं. गालाला फक्त तसं दाखवता येत नाही. उद्या दाढी तूच कर. पाणी मात्र बेताचंच गरम घे, त्यांना चटका बसेल.

तुझाच,
गळका नळ