पुढची रांग

सोमवार
नोकरी लागली! साथीत भल्याभल्यांच्या गेल्या आणि मला मिळाली, तीही राहायच्या खोलीसकट. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! किराणामालाचं दुकान, रस्त्याकडची भिंत अख्खी काचेची. साथ ओसरेपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. मालक ऊठसूट 'चकाचक' म्हणतात, म्हणून मी त्यांचं नाव चकाचकसाहेब ठेवलंय. त्यांनी एकच धडा दिला: मागे काही नसलं तरी चालेल, पुढची रांग भरलेली दिसली पाहिजे, रिकामी फळी दिसली की लोक घाबरतात. मग चहापत्ती, बिस्किटं, तेलाच्या बाटल्या, सगळं फळीच्या पुढच्या कडेला ओढलं, नावं समोर केली. दोन वस्तूंत बोटभर अंतर, ही साहेबांची खास पद्धत. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, घरात कधी एक डबा धड जागेवर ठेवला नाहीस!

गुरुवार
मालाची गाडी आलीच नाही. गिरण्या बंद, हमाल आजारी, ट्रक नाक्यांवर अडकलेले. शेतात भाजी सडतेय म्हणे, आणि इथे टोपल्या कोरड्या. गिऱ्हाईक दारातूनच पुडा घेऊन पळतं. समोरच्या बँकेचा पहारेकरी काचेतून हात करतो, तेवढीच माणसाची सोबत. आज मी तराजूशी बोललो. तो हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

रविवार
साहेब दवाखान्यात आहेत. आणि तिकडे घरी आई खोकतेय. घसा बसलाय म्हणते, पण मला तिचा आवाज कळतो. घर लांब, वाहनं बंद. शेवटी मालाच्या गाडीवाल्याला फोनवर गळ घातली. माल द्यायला येईन तेव्हा तुला घरी सोडतो, म्हणाला. पण माल थोडाच आहे, त्यामुळे जिथे फळ्या रिकाम्या दिसतील तिथेच तो थांबणार. आता सगळी भिस्त त्याच्यावर.

मंगळवार
साहेब गेले. त्यांच्या मुलीने फोन करून सांगितलं. फार वाईट वाटलं.
फोन ठेवून दुकानात आलो तर पुढची रांग लावलेली. काल विकल्या गेलेल्या पुड्यांच्या जागाही भरलेल्या. दोन पुड्यांत बोटभर अंतर. दार आतून बंद होतं आणि मी तर काहीच लावलं नव्हतं. एक पुडा उचलला, फुलासारखा हलका. फोडला. आत काही नाही. दुसरा फोडला. तोही तसाच.

बुधवार
पहारेकऱ्याला काल नेलं. चादर तोंडावरून ओढलेली होती, मी पाहिली. आज तो बँकेच्या काचेशी उभा आहे, तोंड रस्त्याकडे. मी हात केला. त्याने केला नाही.
वरच्या बंद घरांच्या खिडक्यांतही एकेक माणूस. सगळे समोर बघणारे. मागे अंधार. रस्ता कसा भरलेला दिसतो —
मला इथे फार एकटं वाटतंय.

गुरुवार, दुपार
धाकट्या बहिणीचा फोन. आई अंथरुणावर, सारखी माझं नाव घेतेय. दादा, लवकर ये म्हणाली. गाडी संध्याकाळी येतेय. सगळ्या फळ्या रिकाम्या केल्या, पुडे-बाटल्या गोदामात कोंबून कुलूप लावलं. दिसू दे गाडीवाल्याला. दिसलंच पाहिजे. आता काचेकडे पाठ करून बसतो. त्या खिडक्या बघवत नाहीत.

संध्याकाळ
डोळा लागला होता. फळ्या भरल्यात — कडेपर्यंत —
मी काचेशी उभा आहे. तोंड रस्त्याकडे. पाय हलत नाहीत. वही हातात होती म्हणून —
छातीवर टिचकी मारली. रिकाम्या डब्यासारखी वाजली.
गाडी! थांबली. तो उतरला. काचेला नाक लावून बघतोय. फळ्या बघितल्या. मला बघितलं. हसला. सगळं आहे की, अशी मान हलवली —
मी ओरडतोय. तोंड उघडत नाही. आत फोन वाजतोय. आई —
वळला. गाडीत चढतोय —
अहो थांबा, मागे काही नाही हो, मागे काही