अप्पा, बेलभंडारा आईच्या हातात का दिलात?

प्रिय अप्पा,

रागात लिहितेय, आधीच सांगून ठेवते. परवा अर्जाची मुदत संपते. फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या अकादमीचा अर्ज, ज्याच्यासाठी तुम्ही मला आठवीपासून पहाटे शिरडच्या रस्त्यावर पळवलंत, तोच. काल आईला म्हटलं, औंढ्याला जाऊन भरून येते. ती चुलीपुढून उठलीच नाही. "न्हाई भरायचा," म्हणाली. तिला वाटलं मी गप्प बसेन. मी पोरगी कुणाची!

शेवटी तिनं सांगितलं. तुम्ही तिला देवापुढं बेलभंडारा उचलायला लावला होता. पोरीला फौजेत जायला होकार देणार नाही, म्हणून.

अप्पा, तुम्ही?

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला खोटं पाडलं असतं. पण बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द आपल्या घरात कुणी मोडत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंय. आणि भंडारा तरी कुठला? आपल्याच रानातल्या हळदीचा! ती हळद लावताना मी तुमच्या बरोबरीनं सरीत वाकले होते की.

मुलींनाही त्या अकादमीत घेणार, ही बातमी टीव्हीवर आली तेव्हा तुम्ही पलटणीतून सुट्टीवर आला होतात. जेवत्या ताटावरून उठलात आणि अंगणातून काकांना ओरडून सांगितलंत, "आमची मेजरीण आता साहेब व्हणार! म्या सलाम ठोकणार तिला!" हवालदाराची पोरगी साहेब! सगळे हसले. मी नाही हसले. मी ते खरं धरून चालले.

काकू म्हणायच्या, "पोरगी उन्हात काळी पडून राहिली, कोण करून घेईल हिला?" तुम्ही म्हणायचात, "तिला मांडवात न्हाई, परेडला उभी करायची हाय." किती फुशारायची मी!

"मंग काहून उचलायला लावला भंडारा?" मी आईला विचारलं.

"साखरा गावचं शहीद झालेलं लेकरू पेटीत घेऊन आले व्हते तुझे अप्पा," ती म्हणाली. "ह्यांच्याच पलटणीतलं. त्याच्या मायनं हात जोडले, एकडाव तोंड दाखवा म्हणली. पेटी उघडायचा हुकूम नव्हता. घरी आले तं जेवले न्हाईत. मला म्हणले, हात पुढं कर."

भीती वाटली तुम्हाला. कळतंय मला, खरंच कळतंय. पण मग दुसऱ्या दिवशी पहाटे माझा अंगठा ओढून मला कुणी उठवलं? "चला मेजरीणबाई" कोण म्हणालं? पेन्शनीवर आल्यावर रोज सायकलवरून शिट्टी मारत माझ्यामागं कोण येत होतं? मला पळवतही होतात आणि पुढचं दार लावूनही ठेवलं होतंत! माझं तोंड उतरलेलं बघवलं नसतं? की नाही म्हणायचं काम आईवर ढकलून तुम्हाला चांगला बाप राहायचं होतं? सरहद्दीवर छाती काढून उभे राहिलात, आणि घरात पोरीपुढं उभं राहवलं नाही?

आता भांडायला तुम्ही नाही. गेल्या साली हळद शिजवताना कढईपाशीच छाती धरून बसलात. आम्हाला वाटलं, धूर लागला. मी गाडी बघायला रस्त्यापर्यंत पळाले. इतकं पळायला शिकवलंत, पण त्या दिवशी त्याचा काही उपयोग झाला नाही.

आणि आई? भंडारा उचलल्या दिवसापासून ती हे पोटात ठेवून मला पहाटे दूध तापवून देत होती. तिची तकलीफ तुमच्या ध्यानातच आली नाही का हो?

आज सकाळी मी पुन्हा तिच्यासमोर जाऊन बसले. ती कोथिंबीर निवडत होती. "मी व्हय म्हणणार न्हाई," म्हणाली. "माझा शब्द दिलेला हाय." मग पुढची जुडी सोडत, मान वर न करता, "पण तुला तं कुणी भंडारा उचलायला लावला न्हाई. तुला काहून इचारलं न्हाई त्यांनी, मलाबी कळंना."

तेच तर! आईला विचारलंत, देवाला साक्षी ठेवलंत. मला तेवढं सोडलंत. अप्पा, मला जवळ बसवून त्या पेटीचं सांगितलं असतंत, "मला भ्या वाटतंय" एवढं म्हणाला असतात, तर मी थांबले असते. तुमच्यासाठी थांबले असते. आता नाही थांबणार.

उद्या औंढ्याला जाते. आई हो म्हणाली नाही. पहिल्या गाडीला जाणार का, एवढंच तिनं विचारलं आणि पीठ मळायला घेतलं.

तुम्हाला एक शब्द देते, बेल नको की भंडारा नको. निवड होवो न होवो, जे होईल ते तुमच्या फोटोपुढं उभी राहून तोंडावर सांगेन. भीती वाटली तर तीसुद्धा. तुमच्या माघारी काही करणार नाही. आणि वर्दी घालून आले, तर तुमच्यापुढं ताठ उभी राहीन, पण हात वर करणार नाही. सलाम तुम्ही ठोकणार होतात.

तुमच्यावर रुसलेली,
मेजरीण