मावशीचं खरं नाव

३ सप्टें.
माफीची बातमी खरी निघाली. व्हिसा संपलेल्यांचा दंड माफ. नोकरीचं लेटर असेल तर नवा व्हिसा, नाही तर घरी. इथे आखातात, देरा भागातल्या आमच्या खोलीत सहाजणी, पण सगळ्यांच्या नजरा रीटामावशीकडे. नऊ वर्षं बिनव्हिसाची! ती आपली भाजी चिरत बसली. "जाळं असेल गो. बोलवायचं आणि आत टाकायचं."

८ सप्टें.
तयार झाली एकदाची. मावशी जिथे भांडी घासते तिथला कॅफेटेरियावाला म्हणाला, "लेटर देगा, इन्शाल्ला." मिळालं तर वसईला लेकीला भेटून परत येता येईल. नाही तर जाणं कायमचं, आणि मग लेकीच्या नर्सिंगचं काय?
गादी उसवून पासपोर्ट काढला. कुणालाही बघू दिला नाही.

११ सप्टें.
माझा वीकली ऑफ. तिला घेऊन माफीच्या सेंटरला. मेट्रोत पहिल्यांदा बसली! इतकी वर्षं पोलिसांच्या भीतीने स्टेशनकडे फिरकलीच नव्हती.
तंबूत गार एसी, पाणी, खुर्च्या. काउंटरवरून पुकारा: "सेसिलिया!" कुणी उठेना. दोनदा, तीनदा. कोण ही बावळट, म्हणून मी इकडेतिकडे बघतेय, मावशीही मान वळवून शोधतेय. मग एकदम तिचा हात छातीशी गेला.
"अगो, मीच की!"
ऑफिसर हसली. "यल्ला, ममा, कम."
बाहेर आल्यावर विचारलं, आमच्यापासून का लपवलंस? म्हणाली, "मी पकडले गेले तर तुम्हा पोरींना म्हणता यावं, सेसिलिया कोण, ठाऊक नाही."
सहा वर्षं हिच्या हातचं जेवतेय मी. आणि नाव आज कळलं.
गेटवर पोलीस. नेहमी फुटपाथ बदलणारी मावशी सरळ त्याच्याकडे गेली. "भैया, मेट्रो किधर?" समोरच तर होती! त्याने हात करून दाखवली.
"बोलला गो माझ्याशी," स्टेशन येईपर्यंत हेच.

१२ सप्टें.
मावशीच्या हातात सेंटरने काल दिलेला कागद आहे. कालपासून चौदा दिवसांत लेटर, नाही तर विमान.

२२ सप्टें.
लेटर नाही. कॅफेटेरियावाला फोनवर: "संडे पक्का." आज संडेच आहे. तीन दिवस उरले.
फ्रिजवर ऑक्टोबरचा साफसफाईचा तक्ता लावायचा होता. मावशीचं नाव घालू की नको, मला कळेना. तिने माझ्या हातातून पेन घेतलं. पहिला आठवडा, बाथरूम: सेसिलिया.