उर्वशीच्या नावाचा बुटका

देवास, ता. ११ जानेवारी २०२५

चि. उर्वशीस,

आईचा आशीर्वाद. इकडे थंडी फार. शेजारच्या उमाबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता ती जिना उतरून भांडायला येते. तुळस जळाली, दुसरी लावली. फोन केला नाही, कारण फोनवर आपण भांडतो आणि तू कट करतेस. तुला हिंदी शाळेत घातलं, मराठी वाचता येत नाही नीट, आमचीच चूक. अडलं तर मोठ्यानं वाच, समजेल. माझीही चौथीच झालेली, चुका काढत बसू नकोस.

तू हसशील. मी तुझा तो बुटक्यांचा खेळ खेळते.

तू लग्न करून धारला गेलीस आणि कॉम्प्यूटर इथंच राहिला. पुढं लकव्यानं तुझ्या बाबांचा डावा हात गेला, शिलाई बंद झाली, मग ते दिवसभर उजव्या हातानं तोच खेळ खेळत बसायचे. मी ओरडायची, "साठीला आलात, बाहुल्या काय खेळता?" तर म्हणायचे, "मालन, ह्या बाहुल्या नव्हेत. बाहुल्या ऐकतात."

ते गेल्यावर मी कॉम्प्यूटरवर चादर टाकून ठेवली. दिवाळीच्या सफाईत विकायला काढला, तर उमाबाईची अल्पना म्हणाली, "काकू, पहले देख तो लो अंदर क्या है." तिनंच चालू करून दिला.

काय खेळ आहे बाई! एकाही बुटक्याला हाताला धरून नेता येत नाही. इथं खणा म्हणून खूण करायची आणि बसायचं. त्यांच्या मनात आलं तर येतील. भूक लागली की कुदळ टाकून जेवायला, झोप आली की तिथंच आडवे. चार दिवस मी त्या काचेला शिव्या घातल्या.

बुटक्यांची नावं तुझ्या बाबांनी ठेवलेली, अल्पनानं वाचून दाखवली. एक चिंतामणी, आपले भावजी. एक त्यांचा विहंग. आणि एक उर्वशी. दाढी आहे तुझ्या नावाच्या बुटक्याला, पोटापर्यंत! मी खूप हसले. मग दिसलं, डोंगरात सगळ्यात आत एक मोठी खोली खणलेली, तिच्यात एकच पलंग, ह्या उर्वशीच्या नावाचा. बाकीचे सगळे एका दालनात दाटीनं झोपतात.

मग माझ्या हातून एक मेला. तू नाही, चिंतामणी. भावजींना सांगू नकोस. मी खणायच्या खुणाच करत सुटले, धान्याकडे बघितलंच नाही. वाटेत पडला तो पडूनच. बाकीचे त्याला ओलांडून जातात. अल्पनाला म्हटलं, "इसको उठाते क्यों नहीं?" ती म्हणाली, "काकू, गेम अभी अधूरा है. मरने के बाद का कुछ बनाया ही नहीं." मी म्हटलं, "तो पहले वही बनाना था ना!" आणि तिच्यावर उगाच खेकसून आत गेले. मला ह्यांचा दहावा आठवला होता.

आता लिहिते. थांबले तर राहील.

दहाव्याला क्षिप्रेच्या घाटावर पिंड ठेवला. समोरच्या झाडावर सात-आठ कावळे. एक शिवेना. ऊन चढलं, लोक घड्याळं बघायला लागले. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल, बोला." भावजी म्हणाले, "दादा, दुकान बंद पडू देणार नाही." नाही शिवला. "वहिनीला सांभाळू." नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. "वहिनी, तुम्हाला ठाऊक असेल."

ठाऊक होतं. उर्वशीला घरी आणीन, एवढंच बोलायचं होतं. मी म्हटलं, "देवीला साडी नेसवीन." कावळा हललासुद्धा नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. गवताच्या कावळ्यावर पाठवलं मी त्यांना.

आणि लोकांना सांगितलं, कळवलं होतं पण तीच आली नाही. खोटं. मी कळवलंच नाही. दवाखान्यात दुसऱ्या झटक्यानं त्यांची वाचा गेली होती. दोन दिवस ते फोनकडे बोट करत होते. मी "हो हो, लावते" म्हटलं आणि फोन पिशवीत टाकला. वाटलं, बरे झाले की बघू. परजातीत गेलीस तू, मी का आधी नमू, एवढंच डोक्यात. तुला पंधरा दिवसांनी परक्याकडून कळलं. ते मी केलं.

काल भावजींना आणि उमाबाईला बसवून सगळं खरं सांगितलं. उमाबाई रडली. भावजी चहा न घेता उठून गेले. बरोबर केलं त्यांनी.

माघ वद्य पंचमीला वर्षश्राद्ध आहे. ये. पिंड तू द्यायचा. गुरुजी कुरकुरतील, त्यांना मी बघते. जावयाला, अर्पितला घेऊन ये, त्याला जेवायला काय चालतं तेवढं कळव. नाही आलीस तरी तुला बोल लावायला आता इथं कोणाला तोंड नाही.

तुझी वाट बघत गेलेल्या माणसाची बायको,
मालन