कुंपणाबाहेरची फुलं

चिखलदरा,
आश्विन, १९७८

सौ. गिरजास टिकारामचे मनापासून आशीर्वाद.

मी बरा आहे, दोन्ही वेळा जेवतो. गावी एकोडीला धान निसवला का? आईचे गुडघे कसे आहेत? तू जेवतेस ना, की अजून ताट सरकवतेस?

सोनीजवळ फुलं आली का, असं तू विचारलंस. गेल्या आश्विनात आपल्या लेकीला डोंगरावरच्या कुरणात मातीआड ठेवलं, ती बारकी निळी फुलं पाहूनच. गावी जाताना तू म्हणालीस, "माह्या पोरीच्या अंगावर हरणाचे पाय पडू देऊ नका." मी बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि वर्षभर राखलं.

गिरजा, आत यंदा एकही फूल नाही. कमरेइतकं गवत माजलं आणि बारकी झाडं त्याखाली दबून गेली. बाहेर चितळं गवत खुडतात, तिथं ऊन पोचतं, आणि तिथं सगळं निळं आहे. माझ्यासोबतचे वनरक्षक पुंडलिकराव म्हणाले, "टिकाराम, तू तं गवतच राखून राहिला ना बाप्पा."

गवत मीच कापणार होतो, पण सोनीच्या अंगावर विळा चालवायला हात धजेना. म्हणून काल कुंपण काढलं. तुला न विचारता काढलं, रागावू नको.

संध्याकाळी चितळाची मादी पिल्लाला घेऊन आली आणि सोनीजवळ चरू लागली. मी हाकललं नाही. तिचे पाय फार हलके पडतात.

आईच्या पाया पडतो. तू जिवाला जप.

तुझा,
टिकाराम